व्हिडिओ कन्व्हर्ट करताना लॅपटॉप तापून बंद पडतो – दशावताराच्या ६२ टेप आहेत, मदत हवी

कर्लीकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

माझ्या मामांनी २००१ ते २००७ या काळात कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी भागातल्या जत्रांमधले दशावताराचे प्रयोग मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर टिपून ठेवले होते. एकूण ६२ टेप, प्रत्येकी एक तासाची. मामा गेल्या वर्षी गेले आणि टेपांचं खोकं माझ्याकडे आलं. त्यांत दिसणारे कितीतरी कलाकार आता हयात नाहीत. काहींच्या घरी त्यांचा वेषातला एक धड फोटोसुद्धा नाही. म्हणून हे काम मला मनापासून पूर्ण करायचं आहे.

टेपा फायरवायरने जुन्या डेस्कटॉपवर उतरवून झाल्या. तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे सगळं मिळून ८०० जीबीच्या वर. आता त्यांच्या एच.२६४ फायली करून प्रत्येक कलाकाराच्या घरी पेनड्राइव्ह पोचवायचा विचार आहे.

अडचण अशी. लॅपटॉप २०१८ चा, आय-फाइव्ह ८२५०-यू, ८ जीबी रॅम, विंडोज १०. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ (एच.२६४ करणारा एन्कोडर), प्रीसेट स्लो, आरएफ १८ (दर्जाचा आकडा), डीइंटरलेस बॉब (टेपवरच्या अर्ध्या-अर्ध्या फ्रेमांच्या पूर्ण फ्रेम करणं). सुरुवातीला सेकंदाला ११० फ्रेमचा वेग दिसतो. दोन-तीन मिनिटांत तापमान ९७-९८ अंशांवर जातं, वेग ४० वर येतो. पुढे वीस-पंचवीस मिनिटांनी स्क्रीन काळा होऊन सगळं बंद. अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल उघडतही नाही. चौदा वेळा प्रयत्न केला, तीनच टेपा पूर्ण झाल्या.

कूलिंग पॅड घेऊ का? की थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) कमी करू? नवीन लॅपटॉप घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत.

---

शूटिंगवाला | सोमवार, रात्री १०:१५

दादा, आधी एक सांगा, लॅपटॉप ठेवता कुठे? टेबलावर की गादीवर?

---

कर्लीकाठ | सोमवार, रात्री १०:२१

आई ज्या खोलीत झोपते तिथेच रात्री लावतो. खाली सतरंजी असते.

---

शूटिंगवाला | सोमवार, रात्री १०:४०

मग पहिलं काम ते. हवा आत घ्यायच्या जाळ्या तळाला असतात आणि सतरंजी त्या बुजवते. पाट घ्या, त्यावर मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे ठेवा, लॅपटॉप बोटभर उचलला गेला पाहिजे. पॅडवर पैसे घालायची घाई करू नका. आतली वाट मोकळी नसेल तर बाहेरून कितीही वारा घाला, उपयोग थोडाच.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो. सीझनमध्ये मशीन दिवसाला दहा-बारा तास एक्सपोर्टला लागलेलं असतं. स्वानुभवावरून सांगतो, सुरुवातीचा वेग बघून खूश व्हायचं नाही. एक तासानंतर किती वेग टिकतो ते बघायचं, काम त्याच वेगाने पूर्ण होणार असतं.

---

फ्रेमागणिक | सोमवार, रात्री ११:२५

शूटिंगवाला बरोबर बोलले, जरा खोलात लिहितो.

तुमचा प्रोसेसर १५ वॅटचा आहे. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ३.४ पर्यंत. इंटेलने याला दोन मर्यादा दिल्या आहेत. थोड्या वेळासाठी १५ पेक्षा बरेच जास्त वॅट ओढायची मुभा, आणि ती वेळ सरली की परत १५ वर यायचं. ही मुदत बऱ्याच मशीनवर २८ सेकंदांची असते, काही कंपन्या ती वाढवून ठेवतात. ब्राउझर उघडणं, फोटो मोठा करणं अशा कामांसाठी ही सोय उत्तम आहे, ती पाच-दहा सेकंदांत संपतात. व्हिडिओ कन्व्हर्ट करणं म्हणजे सगळे कोअर तासभर सलग राबणार. तेव्हा ११० हा आकडा तुमच्या मशीनचा खरा वेग नाहीच, तो सोडून द्या.

९७-९८ अंश म्हणजे हा प्रोसेसर सीमेला टेकला. त्याची सीमा १०० आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तुमचे ४० फ्रेम त्यातूनच आलेत. पण थ्रॉटलिंग नीट चाललं तर मशीन बंद पडायला नको. तुमचं पडतंय, म्हणजे वेग उतरवूनही उष्णता बाहेर जात नाहीये. हार्डवेअरमध्ये काहीतरी अडलंय. आधी ते काढा, सेटिंग नंतर बघू.

तोवर एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून सेन्सरच्या नोंदी फाइलमध्ये घ्या. तापमान, वॅट, घड्याळाचा वेग आणि पंख्याचे फेरे दिसत असतील तर तेही. बंद पडायच्या आधीची शेवटची ओळ बोलकी असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मिळेल, पण ती फक्त ‘अचानक बंद पडलं’ एवढंच सांगते. कारण तिच्यात नसतं.

आणखी एक. उद्यापासून एमपी४ ऐवजी एमकेव्ही निवडा. एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल पूर्ण झाल्यावर लिहिली जाते, मध्येच बंद पडलं तर अनुक्रमणिकाच नाही, मग फाइल उघडणार कशी? एमकेव्ही जिथवर लिहिली गेली तिथवर दिसते. काम झालं की पुन्हा एन्कोड न करता एमकेव्हीची एमपी४ दोन मिनिटांत करता येते.

---

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी ७:३०

नागपूरहून. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, खोलीत ३८-४० कुठे गेले नाहीत. लक्षात घ्या, पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तेवढेच वॅट असतील तर खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ दहा अंशांनी वर सरकतो. म्हणून मी उन्हाळ्यात रात्री अकरानंतरच रांग लावते, पहाटे पाचला काम संपतं.

कुणी कूलरसमोर लॅपटॉप ठेवायला सांगेल तर ठेवू नका. खोलीत कूलर चालू असू द्या, पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. आमचं पाणी जड आहे, त्याच्या तुषारांचा पांढरा थर मी माझ्या जुन्या लॅपटॉपच्या जाळीवर स्वतः पाहिलाय.

---

सोल्डर_आणि_सुरी | मंगळवार, दुपारी १:०५

लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. कर्लीकाठभाऊ, तुमचं वर्णन वाचून नव्वद टक्के सांगतो, पंखा आणि फिन्स (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पातळ पाती) यांच्या मधे धुळीचा नमदा बसलाय.

बाहेरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून लोक फसतात. धूळ जाळीवर साचत नाही, ती पंख्यातून आत जाते आणि पुढच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर आतल्या बाजूने अडते. धूळ, केस, गादीचा कापूस, सगळं दाबून तिथे वाकळेच्या तुकड्यासारखी पट्टी तयार होते. पंखा जोरात ओरडतो, पण मागच्या झडपेला हात लावला तर वारा लागत नाही. ही खूण बघा. पंख्याचा आवाज मोठा आणि वारा मंद, म्हणजे वाट बुजली.

स्वतः करणार असाल तर नीट वाचा.

चार्जर काढा, मागचं झाकण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून पंखा वेगळा करा, म्हणजे पट्टी समोर दिसेल. ती चिमट्याने उचला, फुंकर मारून आत ढकलू नका. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, स्टॅटिकचा धोका असतो.

सात वर्षांच्या मशीनची थर्मल पेस्टही (चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारी) सुकलेली असणार. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. काढताना उलट क्रमाने, लावताना सुलट क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. एकच बाजू आवळली तर चिपचा कोपरा उडतो, तिथे बोर्डच गेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी पुरे. आजूबाजूला राखाडी रबरासारख्या पट्ट्या असतील त्यांना थर्मल पॅड म्हणतात. त्यांच्या जागी पेस्ट लावू नका, त्यांची जाडी मुद्दाम ठेवलेली असते.

हात कापत असेल तर कुणा माहितगाराकडे न्या. पण काम तुमच्या समोर करायला सांगा.

---

कर्लीकाठ | मंगळवार, दुपारी २:१०

तुम्ही म्हणालात ती खूण तंतोतंत आहे. आवाज खूप, वारा नाही. एका ठिकाणी मागच्या वर्षी ‘सर्व्हिसिंग’ करून घेतलं होतं, पैसे दिले होते. तेव्हा झाकण उघडलं होतं की नाही आता शंका येते. रविवारी स्वतः उघडतो.

तोवर एक प्रश्न. हँडब्रेकमध्ये जादाच्या पर्यायांत थ्रेड ४ केले तर तापमान उतरेल का? एका मित्राने सुचवलंय.

---

फ्रेमागणिक | मंगळवार, रात्री ८:४५

उतरेल, पण फार नाही, आणि वेग मात्र जाईल. तुमच्या प्रोसेसरला चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. चार थ्रेड दिले तरी विंडोज ते चार वेगवेगळ्या कोअरवर बसवते, म्हणजे चारही कोअर राबतातच. शिवाय थोडी सवड मिळाली की प्रोसेसर टर्बो आणखी वर नेतो, आणि वरचा वेग फार महाग पडतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.६ वरून ३.४ ला जाताना वेग दुपटीच्या जरा वर जातो, वॅट त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून कोअर कमी करण्यापेक्षा सगळे कोअर हळू चालवलेले बरे. विंडोजमध्ये ते सोपं आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तुमच्या प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल. पण ९९ केलं की टर्बो पूर्ण बंद होतो, तुमचं मशीन १.६ च्या आसपास चालेल. काम झालं की परत १०० करा.

प्रीसेटबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, तोही सांगून टाकतो. स्लोवरून फास्टवर गेलं तर तापमान कमी होत नाही. दोन्हीकडे प्रोसेसर शंभर टक्के राबतो. फास्टने काम लवकर संपतं, तेवढाच तापण्याचा काळ कमी, एवढाच फरक.

---

पारिजात | मंगळवार, रात्री ९:३०

मग क्विक सिंक का वापरत नाही? तुमच्या चिपच्या ग्राफिक्समध्ये एन्कोडर आहे, इंटेलने हे २०११ पासून दिलंय. मी एम१ मॅकबुक एअरवर ॲपलचा तसाच व्हिडिओटूलबॉक्स वापरते. त्या मशीनला पंखाच नाही, तरी हार्डवेअर एन्कोडरवर ते कोमट राहतं. एक्स२६५ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) लावलं तर काही मिनिटांत वेग उतरायला लागतो, म्हणून मी ते सोडूनच दिलं. एवढा खटाटोप कशाला?

---

फ्रेमागणिक | मंगळवार, रात्री १०:२०

पारिजात, तुमच्या कामासाठी ते योग्यच आहे. फोनवरचा स्वच्छ उजेडातला व्हिडिओ असेल तर मीही हार्डवेअरच सुचवेन. पण इथे माल वेगळा आहे. २००३ साली देवळासमोर, ट्यूबलाइट आणि एखाद-दुसऱ्या हॅलोजनवर, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने रात्री घेतलेलं चित्र. कॅमेऱ्याने गेन (अंधारात चित्र उजळ करायची सोय) वाढवलेला असणार, त्यामुळे सगळ्या काळोखात दाणे वळवळत असतात. हे दाणे प्रत्येक फ्रेमला नवे. एन्कोडरला तीच हालचाल वाटते, आणि तो बिटरेट तिथे उधळतो. त्या पिढीचा हार्डवेअर एन्कोडर अशा काळोखात चौकोनी ठोकळे करतो. त्याच दर्जाला फाइलही मोठी होते.

आणि डीव्ही फाइल वाचणं, डीइंटरलेस करणं ही कामं तरीही प्रोसेसरच करणार. तो पूर्ण मोकळा होत नाही.

कर्लीकाठ, एक प्रयोग करा. अंधाराच्या प्रसंगातली दोन मिनिटं निवडा, हँडब्रेकमध्ये सेकंदांची मर्यादा देता येते. तीच दोन मिनिटं क्विक सिंकने एकदा, एक्स२६४ ने एकदा. टीव्हीवर लावून बघा आणि स्वतः ठरवा.

---

शूटिंगवाला | मंगळवार, रात्री ११:००

अंधाराच्या मालाला हलका डीनॉइज (दाणे पुसणारा फिल्टर) लावा, एचक्यूडीएन३डी, लाइट. एनएलमीन्स लावू नका. निकाल सुरेख येतो, पण तुमच्या मशीनवर एका टेपला कितीतरी जास्त वेळ लागेल.

आणि ९९ टक्क्यांचा उपाय वाचून सांगावंसं वाटलं. माझ्या स्टुडिओत रायझन ९ ५९००एक्स आहे, १०५ वॅटचा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड करून त्याला ६५ वॅटच्या वर्गात बसवला. एक्सपोर्टला माझ्या कामात दहा टक्के वेळ जास्त लागतो, पण खोलीत बसवतं आणि पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. दोन सीझन तसाच चाललाय.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:५०

माझा संगणकही असाच तापतो. माझ्याकडे टेपा नाहीत. नातवाच्या फोनवरच्या एमओव्ही फायली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जुन्या डीव्हीडी आहेत. त्या सगळ्या एमपी४ करत बसलो आहे. मीही ९९ करू का?

---

फ्रेमागणिक | बुधवार, सकाळी ९:१५

सर, तुमच्या बऱ्याच फायलींना कन्व्हर्ट करायची गरजच नाही. एमओव्ही आणि एमपी४ हे डबे आहेत, आतला व्हिडिओ बहुधा एच.२६४ किंवा एचईव्हीसीच असतो. डबा बदलायला एन्कोड करावं लागत नाही. लॉसलेसकट किंवा एफएफएमपेगमध्ये ‘कॉपी’ पद्धत वापरा. चार जीबीची फाइल मिनिटभरात होते, दर्जा जसाच्या तसा आणि मशीन गार. डीव्हीडी मेकएमकेव्हीने तशीच उचलून ठेवा. टीव्हीवर ती चालली तर तिथेच थांबा. आतला व्हिडिओ तुमच्या टीव्हीला किंवा फोनला कळत नसेल तेवढ्याच फायली एन्कोड करा.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ८:००

एकवीस फायली अर्ध्या तासात झाल्या. गेले तीन आठवडे रोज रात्री मशीन चालू ठेवत होतो. मनापासून आभार.

---

संत्राबर्फी | गुरुवार, सकाळी १०:१०

अंडरव्होल्टिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरने प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं खाली आणलं की तेवढ्याच वेगाला कमी उष्णता होते. माझ्या जुन्या मशीनवर फार चांगला फरक पडला होता.

---

सोल्डर_आणि_सुरी | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली. त्यानंतरच्या बायोस अपडेटमध्ये पुष्कळ कंपन्यांनी व्होल्टेज बदलणं कुलूपबंद केलं. कर्लीकाठभाऊंनी बघावं, आकडा बदलूनही काही होत नसेल तर बंद आहे असं समजावं. त्यासाठी जुनं बायोस टाकायच्या फंदात पडू नका.

---

कर्लीकाठ | रविवार, रात्री ९:४०

उघडला. सविस्तर लिहितो, सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

थ्रॉटलस्टॉपमध्ये व्होल्टेज बदलत नाही, बंदच आहे. तो विषय सोडला.

पंखा बाहेर काढला आणि पट्टी दिसली. करड्या रंगाची, पोस्टकार्डाच्या दुप्पट जाड, फिन्सच्या पूर्ण रुंदीवर. चिमट्याने एका टोकाला धरली तर अख्खी एका तुकड्यात निघून आली. सतरंजीचे लाल धागे तिच्यात स्पष्ट दिसत होते. तिच्या आडून उजेड दिसत नव्हता, मग वारा कसा जाणार? पेस्ट कडक होऊन कडांना तडकली होती, मधे चिपवर तर जवळजवळ नव्हतीच. आकड्यांच्या क्रमाने स्क्रू लावले, दोनदा तपासले.

मग तीच टेप (क्र. ४), तीच सेटिंग, खोलीत २९ अंश, लॅपटॉप पाटावर.

टर्बो चालू ठेवून तापमान ८४ च्या आसपास स्थिर राहिलं. वेग सुरुवातीला ११५ दिसला, मग ७६ वर आला आणि शेवटपर्यंत ७६ च. टेप ४० मिनिटांत पूर्ण.

९९ करून तापमान ६७. वेग ५२, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. टेपला ५८ मिनिटं. पंखा इतका हळू फिरतो की आईला जाग येत नाही.

मी ९९ वालाच ठेवणार आहे. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ टेपा होतात. घाई असती तर टर्बो चालू ठेवला असता.

फ्रेमागणिक, तुमचा प्रयोगही केला. आडदशावतारातला (मुख्य आख्यानाआधीच्या भागातला) संकासुर घेतला, अंगभर काळा वेष, मागे काळोख. क्विक सिंकच्या फाइलमध्ये तो हलला की अंगावर चौकोन दिसतात, आणि थांबला की काळोखात विरघळतो. एक्स२६४ मध्ये कपड्याची चुणी दिसते. एवढं बघितल्यावर विचार करायची गरज उरली नाही. हलका डीनॉइज लावला तर फाइल २.२ जीबीची १.४ झाली. पण पहाटेच्या उजेडातल्या प्रसंगांना तो लावत नाही, तिथे दाणे नाहीत आणि रंगवलेल्या चेहऱ्यावरच्या बारीक रेघा पुसट होतात.

---

फ्रेमागणिक | रविवार, रात्री १०:३०

फारच छान काम केलंत. आकडे स्थिर आहेत, हेच हवं होतं.

दोन सूचना. बॉब लावलाय म्हणजे ५० फ्रेम निघायला हव्यात, फ्रेमरेटमध्ये २५ लिहिलेलं राहिलं नाही ना ते बघा. दशावतारातल्या युद्धाच्या नाचाला ५० चा फरक लगेच कळतो. आणि मूळ डीव्ही फायली काही झालं तरी पुसू नका. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. दहा वर्षांनी यापेक्षा चांगला डीइंटरलेसर येईल, तेव्हा मूळ फाइलच लागेल.

---

शूटिंगवाला | रविवार, रात्री १०:५०

रात्री वीज गेली तर? तुमच्याकडे पावसाळ्यात जातेच.

---

कर्लीकाठ | बुधवार, सकाळी ७:२०

शूटिंगवाला, तुम्ही विचारलंत आणि काल रात्री दोन वाजता गेलीच. जुनी बॅटरी वीस मिनिटं टिकते. बॅटरी अगदी खाली आली की हायबरनेट व्हावं असं सेट केलं होतं, तसं झालं. पहाटे वीज आल्यावर चालू केला तर हँडब्रेक जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

सोमवारी मात्र फटका बसला होता. तेव्हा मूळ फाइल यूएसबी डिस्कवरून वाचत होतो. हायबरनेटमधून उठल्यावर डिस्क सापडेपर्यंत उशीर झाला आणि ती टेप मधेच तुटली. आता रोज संध्याकाळी आठ टेपा आतल्या एसएसडीवर घेतो, सकाळी तयार फायली बाहेरच्या डिस्कवर काढतो. डीव्ही वाचायला सेकंदाला चार एमबीसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे वेगासाठी एसएसडी नकोच होती. वीज गेल्यावर निभावून नेण्यासाठी ती उपयोगी पडली.

तुटलेल्या टेपची एमकेव्ही ३८ व्या मिनिटापर्यंत नीट दिसते. पुन्हा करणारच आहे, पण फ्रेमागणिक यांनी सांगितलेलं डोळ्यांनी पाहिलं.

---

सोल्डर_आणि_सुरी | बुधवार, दुपारी १:४०

सतत चार्जरवर चालणार आहे, तर तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय आहे का बघा. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर गरम, असं दोन्ही एकदम झालं की लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा क्लिक होईनासा झाला तर त्याच दिवशी काम थांबवा आणि मशीन उघडा. वीस मिनिटांऐवजी सोळा मिळाली तरी हायबरनेट व्हायला पुरतात.

आणि कोकणात राहता, वर्षातून एकदा तरी पंखा उघडा. खाऱ्या दमट हवेत धूळ चिकटून बसते.

---

तिठो | शुक्रवार, रात्री ९:१०

गाववाल्यानू, आख्खो धागो वाचलंय. मी मुंबैक ऱ्हवतंय, माका ह्या कॉम्प्युटरातला काय कळणा नाय. पण माझो आजो दशावतारात काम करी. पखवाज पण वाजवी. २००४ साली गेलो. आमच्याकडे तेचो एकच फोटो आसा, तो पण लग्नातलो. आमच्या गावच्या जत्रेतली टेप तुमच्या मामांनी केल्ली आसात काय?

---

कर्लीकाठ | शुक्रवार, रात्री ९:५५

गावाचं नाव आणि आजोबांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मामांनी प्रत्येक टेपच्या डबीवर गाव, तिथी आणि कोण कुठल्या भूमिकेत ते पेन्सिलीने लिहून ठेवलंय, वाजवणाऱ्यांची नावंसुद्धा आहेत.

---

कर्लीकाठ | शुक्रवार, रात्री १०:४०

तिठो, व्यनि मिळाला. टेप क्र. ३७, ३८ आणि ३९. २००३ ची जत्रा, पखवाजाच्या पुढे तुमच्या आजोबांचं नाव आहे. ३७ थोडी पळवून बघितली, पेटीच्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पखवाजावर आहेत, चेहरा चांगला उजेडात आला आहे. तेच का, ते तुम्हीच सांगाल.

या तिन्ही टेपा आजच्या रांगेत सर्वांत वर घेतल्या आहेत. ३७ सुरू झाली, ५२ फ्रेम, ६६ अंश. साडेअकरा-पावणेबाराला होईल, पहिली पाच मिनिटं लगेच पाठवतो.

---

तिठो | शुक्रवार, रात्री १०:४३

जागो ऱ्हवतंय.